सहा अक्षरी पत्ता

आपल्या पाठ्यपुस्तकात धड्याजवळ काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो. बरेच कॅडेट त्याला नक्षी समजून पान उलटतात. तो क्यूआर कोड. १९९४ साली डेन्सो या जपानी कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी तो पुस्तकांना जोडला. कोड स्कॅन केला की कविता, व्हिडिओ, प्रश्न उघडत. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. मला तर कोडपेक्षा हेच जास्त आवडलं.

केंद्र सरकारचं 'दीक्षा' २०१७ सालापासून आहे. त्याच्या कोडखाली अंक-अक्षरं मिळून सहा खुणा असतात. त्या संकेतस्थळावर टाइप केल्या तरी धड्याचं साहित्य उघडतं, म्हणजे मोबाइल नसलेल्या हॉस्टेलमध्येही कॉम्प्युटर लॅबमधून काम होतं. गेल्या सत्रात काविळीमुळे मी तीन आठवडे जामुलला घरी होतो. रविवारच्या फोनवर मित्र सहा अक्षरं सांगायचा, आई ती वहीत उतरवून घ्यायची. दहावीचं वर्ष, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा जास्त काळजी.

पण सरांच्या नोट्स आणि फळ्यावरच्या आकृत्या दीक्षावर कुठून मिळणार? त्यासाठी वर्गाचं सामाईक ड्राइव्ह फोल्डर आहे. ते क्यूएम स्टोअरसारखं हवं: वस्तू मोजकी, जागा ठरलेली, नोंद पक्की. 'नवीन फायनल २' या नावाच्या फाइलमध्ये काय आहे ते ठेवणाऱ्यालाही आठवत नाही. 'दहावी विज्ञान प्रकाश आकृत्या' लगेच सापडते. भिंगावरचे पाच व्हिडिओ मिळाले तर पाचही पाहून एकच ठेवायचा आणि तोच का, ते एका ओळीत लिहायचं. वेळ लागतो तो इथेच. विकतच्या गाइडची पानं स्कॅन करून टाकायची नाहीत. बाकीच्यांना फक्त पाहण्याची परवानगी द्यायची. बदल करण्याची दिली, तर परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाच्या हातून काय पुसलं जाईल सांगता येत नाही.

या सत्रात विज्ञानाचं फोल्डर माझ्याकडे आहे. रसायनशास्त्राचे सात व्हिडिओ पाहायचे राहिलेत. त्यातले दोनच टिकतील असं वाटतंय.