गीझर नवा, तार जुनी!

थंडीचे दिवस आले की अनेक घरांत गीझर येतो. जवळच्या ६ अँपिअरच्या प्लगला तो जोडला जातो आणि थोड्या वेळाने एमसीबी खाली पडते. मग कोणीतरी सुचवतो, "६ ऐवजी २० अँपिअरची एमसीबी बसवा, म्हणजे झाले!" वरवर सोपा वाटणारा हा उपाय घरास आग लावू शकतो. असे का बरे? थोडे गणित करून पाहू.

उपकरणाच्या वॉटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. आपल्या घरातील दाब २३० व्होल्ट असतो. ६० वॉटच्या पंख्याला जेमतेम पाव अँपिअर पुरतो. २००० वॉटच्या गीझरला मात्र ८.७ अँपिअर लागतात. म्हणजे एकदम तेहतीस पंखे लावल्यासारखेच!

प्रत्येक तारेला रोध असतो. जेम्स जूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, गीझर बोर्डापासून १० मीटरवर आहे. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून तार २० मीटर धरू. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या अशा तारेचा रोध सुमारे ०.३४ ओहम भरतो. गीझर चालू असताना तीत २६ वॉट उष्णता निर्माण होते. त्याच तारेवर १००० वॉटची इस्त्रीही लावली, तर प्रवाह दीडपट होतो. उष्णता मात्र सव्वादोनपट, म्हणजे ५८ वॉट! तार भिंतीतील नळीत कोंडलेली असल्याने ही उष्णता सहज बाहेर पडत नाही. साधे पीव्हीसी आवरण सततच्या वापरात ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. त्यापुढे ते कमकुवत होत जाते आणि एक दिवस तारा एकमेकींना भिडतात.

आता एमसीबीचे काम ध्यानात येईल. ती मुख्यतः भिंतीतील तारेची राखणदार आहे. म्हणून तिचे अँपिअर तारेला झेपतील एवढेच हवेत. तार तीच ठेवून एमसीबी मोठी बसवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणेच होय.

मग योग्य मार्ग कोणता? गीझरसाठी मीटरजवळच्या बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, तिला १६ अँपिअरची एमसीबी आणि जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग हवा. छेद चौपट झाल्याने रोध पाव होतो आणि २६ वॉटची उष्णता साडेसहा वॉटवर येते. शिवाय अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. एमसीबी तारेला जपते, तर आरसीसीबी माणसाला! घराचा मंजूर भार पुरेसा आहे का, हेही वीजबिलावर पाहावे.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम परवानाधारक वायरमनचेच. तुम्ही बोर्ड उघडू नका. मात्र उपकरणांवरील पट्टी वाचून घरातल्या प्रत्येक प्लगवर किती अँपिअर पडतात, याचा तक्ता अवश्य करा. तो पाहून वडीलधाऱ्यांनी वायरमनला बोलावले, तर तुमचे भौतिकशास्त्र सार्थकी लागले म्हणायचे.