माशांनी चावलेल्या प्लास्टिकचा मासा

अमेरिकेत ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावर बँडन नावाचे गाव आहे. पतीच्या निधनानंतर कलाशिक्षिका अँजेला हेझलटाइन पोझी मन शांत करायला तिथे फिरायच्या. वाळूत शिंपल्यांबरोबर दिसे प्लास्टिक. २०१० मध्ये त्यांनी ‘वॉश्ड अशोर’ हा उपक्रम सुरू केला. वाहून आलेली झाकणे, बाटल्या, चपला, दोर धुऊन, रंगांप्रमाणे वेगळे करून त्यांतून कासवे, पेंग्विन घडवतात. माशांनी चावे घेतलेल्या तुकड्यांचा एक मासाही त्यांत आहे.

शिल्पात बसतो तो हाताने उचलता येणारा तुकडा. उन्हाने, लाटांनी प्लास्टिक कुजत नाही, नुसते बारीक होते. पाच मिलिमीटरहून लहान कण म्हणजे सूक्ष्मप्लास्टिक. इटलीतील डॉक्टरांनी २५७ रुग्णांच्या मानेच्या धमनीतून काढलेला चरबीचा थर तपासला, तेव्हा १५० जणांत पॉलिथिन सापडले. पुढच्या सुमारे तीन वर्षांत या रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट आढळला. प्लास्टिक हेच कारण, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने सिद्ध होत नाही. कण समुद्रातून आले की स्वयंपाकघरातून, हेही कळत नाही. धमनीत शिरलेले कण बाहेर काढणारे औषध मात्र अजून कुठल्याही डॉक्टरकडे नाही.