चुली वेगळ्या, अंगण एक

नाताळच्या सुमारास आमच्या बेळगावच्या कॅम्प भागातून सायंकाळी फेरफटका मारला, तर एकाहून अधिक चर्चच्या घंटांचा नाद कानी पडतो. कॅथलिकांचे चर्च निराळे, मेथडिस्टांचे निराळे, इंग्रजी अमदानीत पलटणीसाठी बांधलेले आणखी निराळे. येशू ख्रिस्त एक, क्रूसाची खूण एक. मग देवघरे इतकी का, असा प्रश्न वर्गातील मुले आम्हांस अनेकदा विचारतात. प्रश्न भाबडा वाटतो खरा. परंतु याच प्रश्नाने भारतातील ख्रिस्ती समाजाच्या विचारवंतांना शंभराहून अधिक वर्षे अस्वस्थ केले आहे. त्या अस्वस्थतेतून जी संस्था उभी राहिली, तिचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. ‘नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया’, म्हणजे भारतातील चर्चेसची राष्ट्रीय परिषद, हे तिचे नाव. तिचा परिचय करून द्यावा आणि त्या निमित्ताने सहकार्य म्हणजे नेमके काय याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही वाटणी झाली कशी ते पाहू. इ. स. १०५४ च्या सुमारास रोमचे पाश्चात्त्य चर्च व कॉन्स्टँटिनोपलचे पौर्वात्य चर्च यांच्यात फूट पडली. पुढे सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन लूथरने रोमच्या सत्तेस आव्हान दिले आणि प्रॉटेस्टंट पंथांचा उगम झाला. कोणी म्हणाले, चर्चचा कारभार बिशपच्या हाती असावा. कोणी म्हणाले, तो वडील मंडळींच्या सभेने चालवावा. तर कोणी म्हणाले, प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असावी. लहान मुलास बाप्तिस्मा द्यावा, की जाणत्या वयात श्रद्धेचा उच्चार केल्यावरच द्यावा, यावरही मतभेद झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट ही नावे अशा मतभेदांतून जन्मास आली.

आता गंमत अशी, की हे तंटे घडले युरोपात आणि त्यांचा वारसा मिळाला भारतास. केरळातील प्राचीन सिरियन ख्रिस्ती समाज व पोर्तुगीजांच्या काळापासून गोव्यात रुजलेले कॅथलिक सोडले, तर एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या देशांतून आलेल्या मिशनऱ्यांनी आपापला पंथ बरोबर आणला. एकाच गावात दोन मिशनांची ओढाताण होऊ नये म्हणून त्यांनी आपसांत मुलूख वाटून घेतले. अहमदनगर व सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर व मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपुरास स्कॉटिश, इंदुरास कॅनडियन प्रेस्बिटेरियन, अशी ही व्यवस्था होती. आमच्या बेळगावात १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने काम सुरू केले आणि १९०४ साली ते अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या हवाली केले.

या वाटणीने भांडणे टळली, हे खरे. परंतु तिच्यात एक विचित्रपणा होता. मनुष्य प्रेस्बिटेरियन व्हावयाचा की मेथडिस्ट, हे त्याच्या श्रद्धेवर नव्हे, तर तो कोणत्या जिल्ह्यात जन्मला यावर ठरू लागले. नोकरीसाठी परगावी गेलेल्या कुटुंबास तेथील चर्च परके वाटू लागले. स्कॉटलंडमधील किंवा अमेरिकेतील जुन्या वादाशी ज्यांचा काडीइतकाही संबंध नव्हता, असे लोक त्या वादाच्या नावाने एकमेकांपासून दूर राहू लागले. भारतीय ख्रिस्ती मनास हे खटकले नसते तरच नवल.

१९१० साली एडिंबरो येथे प्रॉटेस्टंट मिशनांची जागतिक परिषद भरली. तीत तमिळ प्रदेशातील एका तरुण धर्मसेवकाचे भाषण गाजले. त्यांचे नाव वेदनायगम सॅम्युएल अझरिया. परदेशी मिशनऱ्यांचा त्याग मान्य करूनही आम्हांस त्यांच्याकडून बरोबरीची मैत्री हवी आहे, असे त्यांनी त्या सभेत स्पष्टपणे सांगितले. हेच अझरिया १९१२ साली निजामाच्या राज्यातील दोर्णकल येथे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप होत.

एडिंबरो परिषदेचे अध्यक्ष जॉन मॉट यांनी पुढे भारताचा दौरा केला आणि १९१४ साली कलकत्त्यास ‘नॅशनल मिशनरी कौन्सिल’ स्थापन झाले. नावातच सांगितल्याप्रमाणे ही मुख्यतः मिशनऱ्यांची संस्था होती. १९२३ साली रांची येथे तिने नवे रूप घेतले. ‘मिशनरी’ हा शब्द जाऊन ‘ख्रिश्चन’ हा शब्द आला आणि सभासदांपैकी निदान निम्मे भारतीय असावेत, असे ठरले. तेव्हा तिच्या कक्षेत ब्रह्मदेश व सिलोन हेही होते. पुढे त्या देशांच्या परिषदा वेगळ्या झाल्या. १९७९ साली परिषदेने आजचे नाव धारण केले. मिशनऱ्यांची संस्था, मग ख्रिस्ती जनांची संस्था, मग चर्चेसची संस्था: या तीन नावांतच तिचा इतिहास सामावला आहे. २०१४ साली तिला शंभर वर्षे पूर्ण झाली.

आज सुमारे तीस प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चेस परिषदेचे सभासद आहेत. त्यांशिवाय प्रांतिक परिषदा व काही अखिल भारतीय संस्थाही तिच्याशी संलग्न आहेत. सभासद चर्चेसच्या अनुयायांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख असल्याचे परिषद सांगते. २०११ च्या जनगणनेत भारतातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २ कोटी ७८ लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. सर्व सभासदांचे प्रतिनिधी साधारणतः चार वर्षांनी महासभेत एकत्र येतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परिषद म्हणजे कोणी मोठे चर्च नव्हे. ती कोणाच्या उपासनेत ढवळाढवळ करीत नाही, कोणत्याही चर्चला हुकूम सोडीत नाही. लूथरन हा लूथरनच राहतो, बॅप्टिस्ट हा बॅप्टिस्टच राहतो. आपल्याकडे भाऊ वेगळे निघतात, चुली वेगळ्या होतात. पण वाड्याचे अंगण व आड सामाईक राहतो. आडाचा गाळ काढावयाचा झाला की सर्व घरांतील माणसे दोर धरावयास येतात. परिषदेचे स्वरूप काहीसे असेच आहे. अशा चळवळीस पाश्चात्त्य भाषांत जे नाव आहे, ते ‘ओइकूमेने’ या ग्रीक शब्दावरून आले आहे. मनुष्यवस्ती असलेली सारी पृथ्वी, असा त्याचा अर्थ; आणि त्या शब्दाच्या मुळाशी ‘घर’ हाच शब्द आहे.

सामाईक दोराची गरज कशी पडते, याचे एक उदाहरण १९४७ सालचे आहे. फाळणीनंतर लक्षावधी निर्वासित घरदार सोडून आले. उपाशी मनुष्यास पंथ विचारून अन्न देता येत नाही, आणि एकेका पंथाच्या तुटपुंज्या साधनांनी एवढे काम रेटतही नाही. तेव्हा परिषदेच्या वतीने एकत्रित मदतकार्य सुरू झाले. त्यातूनच पुढे ‘कासा’ या नावाने ओळखली जाणारी सेवासंस्था उभी राहिली. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडविला, तेव्हा मदतीस धावलेल्या संस्थांत तीही होती.

दुसरे उदाहरण वेल्लोरच्या प्रसिद्ध रुग्णालयाचे. ते परिषदेच्या मालकीचे नाही. परंतु पंथांच्या सहकार्याचे फळ मात्र निश्चित आहे. १९०० साली डॉ. आयडा स्कडर यांनी तेथे एका खाटेचा दवाखाना उघडला आणि १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. १९३८ च्या सुमारास सरकारने शिक्षणाची पातळी विद्यापीठाच्या पदवीपर्यंत नेण्याचा आग्रह धरला. एवढा खर्च एका मिशनच्या आवाक्याबाहेरचा होता. शाळा बंद करावी, की तिच्या कारभारात इतरांस वाटेकरी करावे, असा पेच पडला. दुसरा मार्ग पत्करण्यात आला. अनेक पंथ एकत्र आले आणि शाळेचे महाविद्यालय झाले. हाती धरलेली वस्तू थोडी सैल सोडल्यानेच ती टिकली.

काही चर्चेस मात्र एवढ्यावर थांबली नाहीत. त्यांनी चुलीही एक करण्याचा प्रयत्न केला. मे १९१९ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे ३३ जण जमले. त्यांतील दोघांखेरीज सर्व भारतीय होते. पश्चिमेत पडलेल्या फुटी आपण का वाहाव्यात, हा त्यांचा सवाल होता. तेथून वाटाघाटी सुरू झाल्या आणि २८ वर्षांनी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासेत ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ जन्मास आले. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि आधीच एकत्र आलेले प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल त्यात सामील झाले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.

उत्तरेकडील वाटाघाटी १९२९ मध्ये लखनौस सुरू झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. हा ४१ वर्षांचा विलंब आळसामुळे झालेला नाही. बाप्तिस्म्याचाच प्रश्न घ्या. बालकास बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयातच देणारे एका छपराखाली कसे नांदावयाचे? शेवटी दोन्ही पद्धती ग्राह्य मानाव्यात आणि निवड कुटुंबाच्या विवेकावर सोपवावी, असे ठरले. दुसऱ्याची रीत आपल्या घरात चालू देणे हे बोलावयास सोपे, पचवावयास कठीण असते.

या वाटाघाटींत अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्चही प्रथमपासून होते. परंतु अखेरच्या टप्प्यावर, त्याच १९७० साली, त्याने विलीन न होण्याचा निर्णय घेतला. बेळगावचे मेथडिस्ट त्याच परंपरेतील. इतकी वर्षे शेजारी बसलेला भाऊ ऐन वेळी उठून गेला, याचे अनेकांस दुःख झाले. पण पुढची गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. हे चर्च १९८१ साली स्वायत्त होऊन ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाले आणि राष्ट्रीय परिषदेत ते इतर चर्चेसच्या पंक्तीस बसते. विलीनीकरण नाकारले म्हणून सहकार्य संपले नाही. परिषदेसारखे सामाईक अंगण नसते, तर ही ताटातूट कायमची झाली असती.

गोव्याच्या वाचकांच्या मनात येथे एक शंका येईल: या साऱ्यात कॅथलिक कोठे आहेत? रोमन कॅथलिक चर्च या परिषदेचे सभासद नाही. भारतातील कॅथलिक बिशपांची स्वतंत्र परिषद १९४४ साली स्थापन झाली. तथापि १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर ख्रिस्ती जनांकडे बंधुभावाने पाहण्याचे धोरण स्वीकारले आणि मधली भिंत पुष्कळशी खाली आली. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळला जातो. अनेक ठिकाणी कॅथलिक व प्रॉटेस्टंट त्या दिवसांत एकत्र प्रार्थना करतात.

महाराष्ट्रात तर समित्या व ठराव होण्याच्या आधीच गाण्याने हे काम आरंभिले होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मराठी मंडळ्या आज गातात, आणि गाताना कोणी पंथ विचारीत नाही. स्वतः टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही त्याचे दार मोकळे ठेवले होते.

एवढे सर्व साधले, तरी सर्वांत अवघड भिंत अजून पुरती पडलेली नाही. ती युरोपातून आलेली नाही; ती आपली स्वतःची आहे. जातिभेद हा धर्मांतराने आपोआप नाहीसा होत नाही. काही ठिकाणी चर्चमधील बैठका व दफनभूमीसुद्धा जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरविल्या. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती जनांचाही व्हावा, ही मागणी परिषद व कॅथलिक बिशप दोघेही करीत आले आहेत. नोव्हेंबरमधील दुसरा रविवार दोघे मिळून दलितमुक्ती रविवार म्हणून पाळतात. सरकारकडे न्याय मागताना आपल्या दारातील अन्यायही पाहावयाचा असतो, हे या रविवारचे खरे सांगणे आहे. बाप्तिस्म्याच्या रीतीवर तोडगा काढण्यास ४१ वर्षे लागली. या भिंतीस किती लागतील, हे माणसांच्या मनावर अवलंबून आहे.

वर्गातील मुलांच्या प्रश्नास आता उत्तर देता येईल. देवघरे अनेक आहेत, कारण इतिहास अनेकांचा आहे. आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते अंगणातही कुंपण घातले म्हणजे. ही गोष्ट केवळ ख्रिस्ती समाजापुरती नाही. मराठी, कानडी व कोंकणी बोलणारी, नाना जातिधर्मांची मुले आमच्या या सीमाभागात शेजारी राहतात. प्रत्येकाने आपली भाषा, आपली रीत प्रेमाने जपावी. परंतु आडाचा गाळ काढावयाची वेळ आली, की दोरास हात लावण्यास कोणी मागे राहू नये. नागपूरच्या त्या परिषदेच्या शंभरावर वर्षांच्या खटपटीतून आम्ही तरी एवढेच शिकलो.