कामादो : विस्तव नव्हे, वारा सांभाळा

तवा चटकन तापतो आणि चटकन निवतो. खापर तापायलाही वेळ घेते आणि निवायलाही. खापरावर मांडे भाजणाऱ्या खानदेशातल्या गृहिणीला हे कुणी शिकवावे लागत नाही. 'कामादो' या सिरॅमिकच्या भट्टीत मांस धुरावर शिजवू पाहणाऱ्या हौशी मंडळींना मात्र हा धडा बहुधा एखादा चांगला तुकडा वाया घालवूनच मिळतो.

कामादो या जपानी शब्दाचा अर्थ चूल. जपानी घरांत भात शिजवण्यासाठी 'मुशिकामादो' नावाची मातीची, गोल आकाराची आणि झाकणाची चूल वापरली जात असे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांना ती आवडली, त्यांनी ती मायदेशी नेली आणि भाताच्या चुलीवर मांस भाजले जाऊ लागले. १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात 'बिग ग्रीन एग' ही कंपनी सुरू केली आणि हिरव्या अंड्याच्या आकाराची ही भट्टी अमेरिकेत घरोघरी माहीत झाली. मातीच्या जुन्या भट्ट्यांना तडे जात. सिरॅमिक आल्यावर ती तक्रार बरीचशी मिटली.

रचना अगदी साधी आहे. जाड भिंतींचे भांडे, तळाशी लोणारी कोळसा, वर जाळी आणि त्यावर घट्ट बसणारे जड झाकण. हवा आत येण्यासाठी खाली सरकते दार आणि धूर बाहेर जाण्यासाठी वर झडप. तापमानाची सारी सूत्रे या दोन फटींच्या हाती असतात. गॅसच्या शेगडीवर आपण इंधन कमी-जास्त करतो. येथे इंधन भरपूर असते, मोजून द्यायचा असतो तो प्राणवायू. जितकी हवा आत जाईल तितकाच कोळसा जळेल. म्हणूनच भट्टी काठोकाठ भरली तरी आच वाढत नाही. केवळ ती अधिक वेळ टिकते. एकदा भरलेला कोळसा मंद आचेवर बारा तासही सहज पुरतो.

मांस धुरवण्यासाठी साधारण १०७ ते १२० अंश सेल्सिअस तापमान हवे. (अमेरिकी पाककृतींत २२५ ते २५० असे आकडे दिसतात, ते फॅरनहाइटमधले आहेत, ते सेल्सिअस समजून भट्टी तापवणारे महाभागही भेटतात.) कोळसा एकाच ठिकाणी पेटवावा, सर्वत्र नव्हे. निखारा धरला की आच थेट मांसाला लागू नये म्हणून मध्ये सिरॅमिकची आडवी तबकडी ठेवावी आणि झाकण लावावे. काटा ८०-९० अंशांवर आला की दोन्ही फटी आवळायला लागावे. शेवटी खालचे दार बोटभर आणि वरची झडप जेमतेम चिरीएवढी उघडी राहते. नेमके माप प्रत्येक भट्टीचे वेगळे असते. ते दोन-चार वेळच्या अनुभवानेच कळते.

प्रस्तुत लेखकाने अमेरिकेतील एका नातलगांच्या परसात पहिला प्रयोग केला, तेव्हा काटा ११० वर येईपर्यंत फटी सताड उघड्या ठेवल्या आणि निश्चिंतपणे चहाला आत गेला. परत येऊन पाहतो तो काटा १७० च्या पुढे! घाईघाईने फटी मिटल्या, पण तासभर तो फारसा हलेना. कारण उघड आहे. निखारे मंदावले तरी तापलेल्या भिंती उष्णता सोडतच राहतात. ही भट्टी वर चढते लवकर, उतरते फार सावकाश. म्हणून हव्या त्या तापमानाकडे नेहमी खालून, हळूहळू जावे. फटींत बदल केला तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मगच दुसरा बदल करावा.

मांस किती झाले हे पाहण्यासाठी झाकण वारंवार उघडण्याचा मोह घातक ठरतो. झाकण उघडताच काटा खाली येतो, आणि आच कमी झाली असे वाटून माणूस दार मोठे करतो. वास्तविक त्याच क्षणी कोळशाला भरपूर हवा मिळालेली असते. झाकण लावल्यावर काटा पूर्वीपेक्षा वर जातो. शिवाय झाकणावरचा तापमापक घुमटातली उष्णता सांगतो, जाळीवरची नव्हे. दोहोंत बराच फरक पडू शकतो. मांसात खुपसायचा वेगळा तापमापक असला की झाकण उघडण्याचे कारणच उरत नाही.

धुराचेही तसेच. सुरुवातीचा दाट पांढरा धूर पाहून नवशिके खूश होतात. पण अर्धवट जळालेल्या लाकडाचा तो धूर मांसाला कडवट करतो. तो विरून पातळ, निळसर होईपर्यंत मांस आत ठेवू नये. ओक, हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे दोन-चार तुकडे कोळशात पुरेसे होतात.

खरी कसोटी यापुढे लागते. डुकराच्या खांद्यासारखा मोठा तुकडा आतून ६५-७० अंशांवर पोचला की तिथेच अडतो. कधी दोन, कधी चार तास. भट्टी बिघडली असे वाटू लागते. प्रत्यक्षात मांसातले पाणी पृष्ठभागावर येऊन उडत असते आणि ते उडताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते, तोच हा न्याय. येथे घाई करून आच वाढवली तर बाहेरचा भाग कोरडा होतो आणि आतले चिवट तंतू तसेच राहतात. ते विरघळून मांस मऊ व्हायला वेळच लागतो; खांद्याच्या बाबतीत आतले तापमान ९३-९५ अंशांपर्यंत न्यावे लागते. फारच उशीर होत असेल तर तुकडा कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळावा. बाष्पीभवन थांबून काटा पुढे सरकतो. कोंबडी मात्र ७४ अंशांवर शिजते.

आच फार कमी ठेवण्यातही धोका आहे. ४ ते ६० अंशांच्या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून भट्टी शंभराच्या खाली रेंगाळू देऊ नये. झाकण उघडताना आधी दोन बोटे उचलून क्षणभर थांबावे. फटी मिटलेल्या, हवेला आसुसलेल्या निखाऱ्यांवर एकदम वारा गेला तर ज्वाळेचा लोट तोंडावर येतो. भुवया जळाल्याचे किस्से यातूनच घडतात. आणि बंदिस्त गॅलरीत ही भट्टी कदापि पेटवू नये. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला काही कळत नाही.

काम झाले की दोन्ही फटी पूर्ण मिटाव्यात. हवेवाचून विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा राख झाडून पुढच्या वेळी वापरता येतो. पाणी मात्र ओतू नये, तापलेल्या सिरॅमिकला तडा जाईल. बाहेरून शांत दिसणारे हे भांडे पुढे कित्येक तास गरम राहते. लहान मुलांना तोवर जवळ फिरकू देऊ नये.