कोयत्याला पाणी देणारा हात टिकणार का?

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की लोहाराच्या भात्यापुढं कोयत्यांचा ढीग लागतो. ऊस तोडायला यंत्रं आली, बाजारात तयार विळे-खुरपी मिळू लागली, तरी ही गर्दी होतेच. कारण मोठं यंत्र लहान तुकड्यात वळत नाही, आडव्या पडलेल्या उसात अडखळतं. तिथं कोयता लागतो, आणि कोयत्याला नीट पाणी दिलेलं असावं लागतं.

पाणी देणं म्हणजे तापलेलं लोखंड नुसतं बुडवून गार करणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. पात्याला ठोकून आकार दिला की ते पुन्हा लाल करायचं आणि फक्त धारेची बाजू पाण्यात धरायची. धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळ. मग पातं बाहेर काढून घासायचं आणि बघत राहायचं. पाठीत उरलेली धग धारेकडं सरकते, तसा रंग चढतो: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण २३० अंशांला, निळा ३०० च्या आसपास. हवा तो रंग दिसला की लगेच पुन्हा पाण्यात. उशीर झाला तर धार मऊ पडते, घाई केली तर दगडावर बसताच तुकडा उडतो. कारखान्यात हे तापमान यंत्र सांभाळतं, इथं डोळा. रंग नीट दिसावा म्हणून तर भट्टी सावलीत असते.

लोखंडही पारखावं लागतं. गाडीच्या कमानीच्या पाट्यात कार्बन जास्त, म्हणून त्याचा कोयता चांगला होतो. बांधकामाच्या साध्या पट्टीला कितीही पाणी द्या, धार धरत नाही.

गिऱ्हाईक आहे, शिकणारं पोरगं नाही. बलुतं गेलं, कोळसा महागला. पोरं वेल्डिंगचं दुकान टाकतात. त्यात चूक काही नाही, रोजचा पैसा आहे. पण वेल्डिंगनं जोड बसतो, धारेला पाणी चढत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ धंद्यांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं विनातारण कर्ज: आधी १ लाखापर्यंत, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत. नोंदणी सीएससी केंद्रात होते, घरटी एकाचीच. मात्र ती आधीपासून हातानं धंदा करणाऱ्याची. भात्यापुढं बसून रंग ओळखायला नव्यानं शिकू पाहणाऱ्या पोराला त्यात जागा नाही.