बर्फाखाली घडणारी जमीन

चंद्रपूर परिसरात इरई येथे चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. फ्रान्सिस फेडेन यांनी ते 1870च्या दशकात नोंदवले. हे ओरखडे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाचे. तेव्हा आपला भूभाग गोंडवन महाखंडात, बराच दक्षिणेला होता. भूरूपशास्त्राचे रीतसर शिक्षण मला मिळालेले नाही. जुने सर्वेक्षण-अहवाल वाचत मी या विषयाकडे वळलो. मऊ बर्फ कठीण खडकाला ओरखडतो कसा, हा माझा पहिला प्रश्न होता.

ओरखडतात ते बर्फाच्या तळाशी रुतलेले दगड. प्रचंड जाडीचा बर्फ स्वतःच्याच वजनाने पसरत जातो. वरचा दाब, पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणि घर्षण यांमुळे तळाशी पाणी सुटते आणि बर्फ घसरू लागतो. वाटेत खडकाचा उंचवटा आला, की समोरच्या बाजूवर दाब वाढून ती गुळगुळीत घासली जाते. पलीकडच्या बाजूला दाब कमी होतो, पाणी फटींत गोठते आणि खडकाचे तुकडे उखडले जातात. म्हणून अशा उंचवट्याची एक बाजू तुळतुळीत, तर दुसरी ओबडधोबड असते. त्यावरून बर्फ कुठून कुठे गेला ते कळते.

तळाशी खडकाऐवजी माती-गोट्यांचा ओला गाळ असेल, तर वेगळेच रूप घडते. पालथ्या चमच्यासारख्या लांबट टेकड्या तयार होतात. त्यांचे बोथट टोक बर्फ आला त्या दिशेला आणि निमुळते टोक तो गेला त्या दिशेला असते. त्यांना ड्रमलिन म्हणतात. हे नाव आयरिश भाषेतील ‘पाठ’ या अर्थाच्या शब्दावरून आले. आयर्लंडच्या क्ल्यू उपसागरातली अनेक बेटे म्हणजे समुद्रात अर्धवट बुडालेले ड्रमलिनच.

या टेकड्या गाळ साचून होतात की झिजून, हा वाद जुना. बर्फ वितळल्यावरच त्या दिसत असल्याने घडण कुणी पाहिलेली नव्हती. पश्चिम अंटार्क्टिकातील रटफर्ड हिमप्रवाहावर ब्रिटिश संशोधकांनी 1991, 1997 आणि 2004 मध्ये एकाच रेषेवर छोटे स्फोट करून, सुमारे दोन किलोमीटर बर्फाखालून परतणारे प्रतिध्वनी टिपले. पहिल्या सहा वर्षांत एका पट्ट्यातला सुमारे 6 मीटर गाळ खरवडला गेला होता. नंतर तिथली झीज थांबली आणि 2004 पर्यंत सुमारे 10 मीटर उंच, 100 मीटर रुंद उंचवटा उभा राहिला. म्हणजे झीज आणि भर एकाच तळावर, काही वर्षांच्या अंतराने चालू होती.

याचे महत्त्व आपल्याशीही निगडित आहे. अंटार्क्टिकातला सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे 58 मीटर चढेल. तसे शतकभरात घडणार नाही; पण त्यातला किती बर्फ किती वेगाने समुद्रात उतरेल, हे बरेचसे तळाच्या घर्षणावर ठरते. तो तळ दहा-बारा वर्षांत असा बदलत असेल, तर त्याला कायमचा स्थिर धरून केलेले अंदाज तपासावे लागतात. कोकणातली भरतीची रेषा उद्या कुठे असेल, याचा हिशेबही त्याच अंदाजांवर उभा आहे.