जास्तीचं काम, पण कुणाच्या मर्जीनं?

मी वर्ध्यातल्या एका लॉजच्या काउंटरवर बसतो. आमची बरीच गिऱ्हाइकं दवाखान्याची असतात. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचा दवाखाना या दोन्ही ठिकाणी यवतमाळ, चंद्रपूर, पार मध्य प्रदेशातूनही पेशंट येतात. त्यांचे नातेवाईक आमच्याकडे उतरतात. बाकीचे आश्रम पाहायला आलेले, विद्यापीठात काम असलेले, लग्नाचे वऱ्हाडी. या सगळ्यांची सरबराई करणाऱ्या पोरांकडून पगारात न बसणारं काम कसं काढून घेतलं जातं, ते सांगायला हवं.

एका रात्री वणीचं एक कुटुंब आलं. म्हातारी आयसीयूत होती. लेक आणि सून लॉजवर परतले तेव्हा बाहेर सगळं बंद झालं होतं. आमच्या रूमबॉयनं कुणी न सांगता किचन उघडलं, कुकर लावला आणि त्यांना गरम वरण-भात वाढला. सून ताटावर बसून रडली. त्या पोराला त्यातून एक रुपयाही मिळणार नव्हता आणि त्याला तो नकोही होता. पुढच्याच आठवड्यात मालकांनी सांगितलं, आता रोज रात्री दोनपर्यंत जेवण द्यायचं. पगार तोच, सकाळी सहाची ड्यूटीही तीच. पोरगा कुरकुरला तर त्याला ऐकावं लागलं, "त्या दिवशी तर हौसेनं केलं, आता काऊन जीवावर येते बे?"

काम तेच होतं. फरक एवढाच की पहिल्या रात्री तो नाही म्हणू शकत होता.

या फरकावर अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. नेमून दिलेल्या कामापलीकडे माणसं स्वखुशीनं जी मदत करतात, तिच्यामुळे संस्था नीट चालतात, अशी मांडणी अमेरिकेतले डेनिस ऑर्गन यांनी 1988 मध्ये केली. इस्रायलचे एरान विगोडा-गाडोट यांनी 2006 मध्ये त्याची दुसरी बाजू पुढे आणली. हीच मदत वरिष्ठांच्या दबावानं करावी लागली, तर ती स्वखुशीची राहत नाही. माणूस थकतो, कामातलं मन उडतं आणि तो नोकरी सोडायचा विचार करू लागतो. हॉटेलात हा दबाव जास्त असतो, कारण इथे विकलं जातं ते गिऱ्हाइकाचं समाधान आणि त्याला मोजमाप नाही. खोली झाडून झाली हे दिसतं, पण पाहुणा खूश झाला की नाही, हे मालक ठरवतो. हसरा चेहरा ठेवणं हेही कष्टाचंच काम आहे, हे आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं होतं.

हा दबाव हुकमाच्या भाषेत क्वचितच येतो. "आपलंच घर समज" म्हणतात आणि शेठच्या घरच्या मांडवात वाढपी म्हणून उभं करतात. लग्नसराईत साप्ताहिक सुट्टी कापली जाते. नकार देणाऱ्याला कुणी काढून टाकत नाही, फक्त रात्रपाळी त्याच्याच वाट्याला येऊ लागते.

वर्ध्यात याचं एक आणखी धोक्याचं रूप आहे. सत्तरच्या दशकापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरी एखादा बाहेरगावचा पाहुणा "व्यवस्था करा" म्हणतो आणि काउंटरवरून निरोप जातो रूमबॉयला. पिशवीसकट पकडला गेला तर गुन्हा त्या पोरावर दाखल होतो. पाहुणा दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघून जातो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हॉटेलंही येतात. त्यात मुळात दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा, जादा तासांना दुप्पट दर आणि आठवड्याची सुट्टी होती. महिलांना रात्री साडेनऊनंतर त्यांच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. पण या तरतुदी 10 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही अट 20 कामगारांवर न्यायला आणि रोजचे तास 10 करायला मंजुरी दिली. आमच्यासारख्या चार-सहा पोरांच्या लॉजला यातलं संरक्षण आधीही नव्हतं. आता मधली हॉटेलंही त्यातून बाहेर पडतात. सर्वांत एकटा कामगार अशा छोट्या ठिकाणीच असतो.

मालक लोक सेवाग्रामचा दाखला देतात. म्हणतात, बापूंच्या गावात कामाला कमीपणा कसला? बरोबर आहे. 1936 पासून गांधीजी तिथे राहिले, आणि आश्रमात झाडलोट, स्वयंपाक, संडाससफाई सगळ्यांच्या वाट्याला होती. पण तिथे काम वाटून घेतलेलं होतं. एकानं गादीवर बसून दुसऱ्याच्या माणुसकीचा हिशेब आपल्या गल्ल्यात जमा करावा, हे त्या दाखल्यात कुठेच बसत नाही.

मालकही अडचणीत असतात, वीजबिल आणि भाडं त्यांनाही भरावं लागतं, हे मी रोज पाहतो. तरीही तीन गोष्टी अगदी छोट्या लॉजला जमतील. हजेरीच्या वहीत जादा तासांचा रकाना हवा आणि त्यावर कामगाराची सही हवी. रात्रीचं जेवण द्यायचंच तर त्याचे पैसे बिलात लावावे आणि करणाऱ्याला त्यातला वाटा द्यावा. बेकायदा कामाला नकार दिला म्हणून कुणाची पाळी बदलू नये. पाहुण्यांनीही मध्यरात्री बेल दाबण्याआधी समोरचा पोरगा सकाळपासून उभा आहे का, एवढं विचारावं. जो नाही म्हणू शकतो, त्याच्याच हो म्हणण्याला किंमत असते, आणि त्या रात्रीसारखा वरण-भात तोच पुन्हा आपणहून वाढेल.